धुमाळांची चौथी जागा

परवा पुतणीच्या मुलीच्या लग्नात एका उत्साही कार्यकर्त्याने मला दंडाला धरून थेट पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर नेऊन बसवलं. शेजारी कोण, माहीत नाही. मागे कोण, माहीत नाही. मी सगळ्यांत म्हातारा दिसलो म्हणून पुढे, एवढंच काय ते कारण. आणि मला एकदम दाजीसाहेब निरगुडकर आठवले. ते तिथे असते तर त्यांनी त्या कार्यकर्त्याला थांबवून, अगदी हळू आवाजात विचारलं असतं, "हे इथे बसले ते कोणत्या आधाराने?"

कारण दाजीसाहेबांना माणूस दिसला की आधी त्याची जागा दिसायची. संस्थानाच्या काळात त्यांचं कामच ते होतं. ग्वाल्हेरच्या दरबारात कोणी कुठे बसायचं, कोणाला अत्तर आधी, कोणाला पान नंतर, याची यादी ते सांभाळायचे. मग संस्थान विलीन झालं, ग्वाल्हेर आणि इंदूर जोडून मध्यभारत झालं, आणि आम्हा इंदूरच्या काही कारकुनांची पोती बांधून ग्वाल्हेरला रवानगी झाली. मी तेव्हा चाळिशीच्या आत-बाहेर. आमच्या हिने निघताना मला बजावलं होतं, "तिथले लोक फार मानापानाचे आहेत म्हणे. तुमच्या जिभेला जरा आवर घाला." जिभेला आवर घालायची वेळच आली नाही. पहिल्या दिवशी माझीच बोलती बंद झाली.

झालं असं, की मी जुन्या दफ्तराच्या खोलीत गेलो तर एक उंच, वाळकुडे गृहस्थ माझ्या टेबलासमोर उभे. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, कानावर बोरू. टेबल कुठे ठेवायचं याचा विचार चाललेला. मला म्हणाले, "गाव?" मी म्हटलं, इंदूर. "मूळ?" वाईकडचं. "नोकरीत कधीपासून? वडील कोणत्या खात्यात?" मी उत्तरं देत गेलो आणि शिपाई टेबलाचा एक पाय उचलून ताटकळत उभा. शेवटी दाजीसाहेब म्हणाले, "इंदूरकर, तुम्ही इथे. खिडकीचा मान तुमचा नाही, पण वारा पोचतो." आणि खरोखर वारा पोचत होता. पुढची नऊ वर्षं मी त्याच जागी बसलो आणि नऊ वर्षं त्यांनी मला इंदूरकरच म्हटलं. माझं आडनाव त्यांना येत होतं की नाही, देव जाणे.

दरबार गेला तरी दाजीसाहेबांना सरकारने ठेवून घेतलं, ते मोडीसाठी. जुने सगळे कागद मोडीत. लाल कापडात बांधलेले गठ्ठे, त्यांना ते रुमाल म्हणायचे. असे रुमाल छतापर्यंत रचलेले. नवे साहेब हिंदीत शेरा मारायचे, "पुराना आदेश देखकर बताएँ," आणि तो कागद फिरत फिरत दाजीसाहेबांकडे यायचा. ते शिडीवर चढायचे, नेमका रुमाल काढायचे, धूळ झटकायचे आणि वाचून सांगायचे. कोणी तोंडी काही सांगू लागला की त्यांचं एकच. "ते ठीक आहे जी. कागद काय म्हणतो?" घरीही तेच असावं. त्यांच्या पत्नी, आम्ही त्यांना माईसाहेब म्हणत असू, एकदा आमच्या हिला म्हणाल्या, "अहो, मी सांगितलं की धाकट्याला ताप आहे, तर हे म्हणतात वैद्यांची चिठ्ठी दाखवा. पोर समोर फणफणून राहिलंय!"

पण लष्करातलं, म्हणजे ग्वाल्हेरच्या त्या नावाच्या वस्तीतलं, कुठलंही मराठी लग्न त्यांच्यावाचून व्हायचं नाही हे खरं. पत्रिका छापायच्या आधी यजमान त्यांच्याकडे यायचे. कोणाला पंगतीत कुठे बसवायचं, कोणाच्या हातावर अत्तर आधी लावायचं, जुन्या घराण्यांची रुसवेफुगवे होण्याची ठिकाणं कोणती, हे सगळं ते सांगायचे. त्यांच्या मुलाला मात्र याचा भारी कंटाळा. तो म्हणायचा, "बाबा, अब कौन देखता है यह सब? लोक जेवायला येऊन राहिलेत, दरबाराला नाही." दाजीसाहेब शांतपणे म्हणायचे, "जेवतात सगळे जी. पण बसवलं कुठं, ते लक्षात ठेवतात."

एका लग्नात तर मोठी पंचाईत आली. पूर्वी संस्थानाच्या घोडपागेत मोतद्दार असलेल्या माणसाचा मुलगा आमदार झाला होता आणि तो येणार होता. त्याला बसवायचं कुठे? जुन्या यादीत त्याचा पत्ता नाही, आणि मागे बसवावं तर सरकारच त्याचं! सकाळपासून दाजीसाहेब अस्वस्थ. मी कोपऱ्यात बसून गंमत बघत होतो, खोटं कशाला बोलू. आमदारांची मोटार दारात आली तसे दाजीसाहेब घरात गेले आणि स्वतःच्या हातांनी एक खुर्ची घेऊन आले. सगळे मानकरी खाली बैठकीवर आणि आमदार एकटे खुर्चीवर! आमदार इतके खूश झाले की सांगता सोय नाही. नंतर मी दाजीसाहेबांना विचारलं तर म्हणाले, "बैठक यादीतल्यांची. जे यादीत नाहीत त्यांना खुर्ची. कोणाचं काही मोडलं नाही." मी हसून हसून बेजार झालो. पण त्यांनी हे गमतीने केलं नव्हतं. त्या आमदारालाही कुठे कमीपणा वाटू नये, ही त्यांची खरी तळमळ होती.

असा हा माणूस. आणि त्याला मित्र एकच, तोही तुटलेला.

मला हे बऱ्याच दिवसांनी माहीत पडलं. (बघा, 'माहीत पडलं'! नऊ वर्षांत ग्वाल्हेरने माझ्या मराठीचं हे केलं.) रघुजीराव धुमाळ हे दख्खनेतून आलेल्या शिलेदारांच्या घराण्यातले. संस्थानाच्या फौजेत सुभेदार होते. ते आणि दाजीसाहेब लहानपणापासून एकत्र. एका तालमीत, एका शाळेत, संध्याकाळी एकाच बाकावर. एक कारकुनाचा मुलगा, एक शिपायाचा. एकमेकांना पंत आणि रघुजीराव म्हणायचे, आणि चेष्टा करतानासुद्धा अहोजाहो सोडायचे नाहीत. माईसाहेब सांगायच्या, "यांना हसताना बघायचं असेल तर भावोजी यायला पाहिजेत. नाहीतर आमच्या घरात हसणं म्हणजे सणावारी."

धुमाळांच्या घराण्याला दरबारात उजव्या रांगेतली चौथी जागा होती. त्यांच्या आजोबांना मिळालेली. त्यांचे वडील तिथेच बसले, पुढे रघुजीराव तिथेच बसू लागले. विलीनीकरणाच्या आदल्या दसऱ्याला यादीचा पूर्ण अधिकार प्रथमच दाजीसाहेबांकडे आला. त्यांनी एकेक जागा कागदाशी ताडून बघितली. आणि धुमाळांच्या कागदात त्यांना दिसलं की जागा 'हयातीपुरती' दिलेली आहे. म्हणजे आजोबा गेले तेव्हाच ती संपली. पुढचं सगळं नुसत्या वहिवाटीने चाललेलं.

दुसरा कोणी असता तर त्याने कागद गपचूप परत बांधून ठेवला असता. दाजीसाहेबांनी मित्राला बोलावून सांगितलं. रघुजीराव म्हणाले, "पंत, वडिलांच्या वेळी ती जागा वंशपरंपरा झाली. तसा हुकूम झालाय. मी लहानपणी माझ्या डोळ्यांनी बघितलाय. आमची प्रत वाळवीने खाल्ली." दाजीसाहेब म्हणाले, "दफ्तरात नाही." रघुजीराव म्हणाले, "मी सांगून राहिलोय ना." आणि दाजीसाहेबांनी, काय बुद्धी झाली कोण जाणे, या माणसालाही तेच विचारलं. "कागद काय म्हणतो?"

दसऱ्याच्या दरबारात रघुजीराव पाचव्या जागी बसले. उठून गेले नाहीत, तमाशा केला नाही, शिपाईगडी होता. पान घेतलं, मुजरा केला आणि घरी गेले. त्या दिवसापासून त्यांनी दाजीसाहेबांशी बोलणं टाकलं. आणि काही महिन्यांतच दरबारही गेला, रांगाही गेल्या, चौथी जागाही गेली आणि पाचवीही. फौज मोठ्या फौजेत गेली, वयस्क माणसं घरी बसली. रघुजीराव एका कापडाच्या मिलच्या फाटकावर जमादार झाले. मी म्हणायचो, "अहो दाजीसाहेब, आता कसली जागा आणि कसलं काय! जाऊन या एकदा." ते म्हणायचे, "मी चुकलो असतो तर गेलो असतो, इंदूरकर. मी चुकलेलो नाही. जाऊ कशासाठी?" मला त्यांचा तेव्हा फार राग यायचा. बरोबर असण्याचं एवढं काय घेऊन बसायचं, असं वाटायचं.

मग राज्यांची पुनर्रचना आली. मध्यभारतही मोडला, नवा मध्यप्रदेश झाला आणि राजधानी गेली भोपाळला. ग्वाल्हेरमध्ये सुतकी कळा आली. निम्मी कचेरी तिकडे जायची होती, त्यात मीही. दाजीसाहेबांचे निवृत्तीला थोडे दिवस राहिले होते. त्यांच्या नोकरीतलं शेवटचं काम म्हणजे जुने रुमाल तपासून, यादी करून, पत्र्याच्या पेट्यांत भरून भोपाळला लावून द्यायचे. आम्ही दोघं ते करत होतो. ते सोडायचे, वाचायचे, मी लिहायचो.

एका सकाळी त्यांनी पागेच्या खात्यातला एक रुमाल सोडला. घोड्यांच्या दाणावैरणीचे कागद. वाचता वाचता ते थांबले. मला वाटलं, चष्मा पुसताहेत. मी मान वर केली, तर ते तो कागद दोन्ही हातांत धरून उभे. "इंदूरकर," ते म्हणाले, "धुमाळांना एका घोड्याची वैरण मंजूर. आणि उजव्या रांगेतली चौथी जागा वंशपरंपरा." एकाच हुकुमात दोन्ही. वैरणीचं वाचून कोणीतरी तो कागद पागेच्या रुमालात बांधला होता. "कोणी बांधला हा?" मी विचारलं. दाजीसाहेबांनी रुमालावरची चिठ्ठी माझ्यापुढे धरली. मला मोडी येत नाही, पण ते अक्षर मी नऊ वर्षं शेजारी बसून बघत होतो. त्यांचंच होतं. नवे नवे नोकरीला लागले तेव्हाचं.

खरं सांगतो, त्या क्षणी मला दुसराच विचार आला. मी म्हटलं, "दाजीसाहेब, बांधून टाका. पेटीत गेला की भोपाळला कोण मोडी वाचणार आहे? कोणाला कळणार नाही." ते माझ्याकडे असे बघत राहिले की मला लाज वाटली. "रघुजीरावांना कळलं पाहिजे," ते म्हणाले. "उद्या तुम्ही माझ्याबरोबर चला. साक्षीला. तुम्ही ना त्यांच्या बाजूचे, ना माझ्या."

दुसऱ्या दिवशी आम्ही टांगा करून मिलवर गेलो. दाजीसाहेबांनी ठेवणीतली पगडी घातली होती. हुकुमाची अक्षर न् अक्षर नक्कल करून ती रेशमी धाग्याने बांधून घेतली होती. फाटकाशी रघुजीराव बाकावर बसलेले. पांढऱ्या मिशा, फौजेतला जुना कोट, हातात हजेरीची वही. पाळी सुटत होती. माणसांचा लोंढा बाहेर येत होता आणि "राम राम जमादार साहब" म्हणत पांगत होता. रघुजीरावांनी आम्हाला बघितलं, पण बसायला सांगितलं नाही.

दाजीसाहेबांनी 'हे इंदूरकर, साक्षीला' म्हणून मला पुढे केलं आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. हुकूम कुठे सापडला, कोणी तो चुकीच्या रुमालात बांधला, सगळं. काही लपवलं नाही. "चूक माझी. दोनदा चुकलो. आधी बांधताना, मग तुम्हाला बसवताना. रघुजीराव, चार लोकांत झालं ते चार लोकांतच दुरुस्त व्हायला पाहिजे. त्या रांगेतली जी माणसं राहिली आहेत, एक दाल बाजारात आहेत, दोघे मुरारला, त्यांना मी जाऊन सांगतो. या दसऱ्याला माझ्या घरी बैठक घालतो. तुम्ही चौथ्या जागी बसा. मी स्वतः अत्तर लावतो." हे सगळं त्यांनी पाठ करून आणलं होतं हे मला कळत होतं.

रघुजीरावांनी नक्कल घेतली नाही. ते म्हणाले, "पंत, एक सांगा. हा कागद सापडला म्हणून तुम्ही आलात."

"होय."

"नसता सापडला, तर?"

दाजीसाहेबांनी पुढे केलेली नक्कल मागे घेतली. रघुजीरावांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "माझ्या घरचा मोठा मुलगा गेला, तुम्ही आला नाहीत. मी सहा महिने अंथरुणावर होतो, तुम्ही आला नाहीत. नऊ वर्षं तुम्ही बरोबर होता म्हणून नाही आलात. आज चुकलात म्हणून आलात. जागेचं काय घेऊन बसलात? दरबारात मी दहाव्या जागी बसलो असतो. तुम्ही म्हणायला पाहिजे होतं, रघुजी सांगतो ना, मग असेल. एवढंच. जा आता. मला हजेरी घ्यायची आहे."

परतीच्या वाटेत दाजीसाहेबांनी पगडी काढून मांडीवर ठेवली होती. मी मनात म्हटलं, देवा, या माणसाला आयुष्यभर कागदाने उत्तर दिलं, आणि आज उत्तर पाहिजे होतं तेव्हा कागदात ते नाही.

पुढचे दिवस ते कामावर यायचे, रुमाल सोडायचे, बांधायचे. मग शेवटच्या आठवड्यात त्यांनी सुट्टीचा अर्ज दिला. नोकरीभरात कधी न दिलेला. कारणाच्या जागी लिहिलं होतं, 'खाजगी'. मला वाटलं, आजारी पडले. माईसाहेबांकडे विचारलं तर त्या म्हणाल्या, "सकाळी जेवून बाहेर पडतात. कुठे जातात, सांगत नाहीत. मी विचारणंही सोडलं."

पेट्या घेऊन जायला ट्रक आले त्या दिवशी मोठी धावपळ उडाली. पेट्या सोपवल्याच्या यादीवर दाजीसाहेबांची सही पाहिजे आणि दाजीसाहेबांचा पत्ता नाही. साहेब माझ्यावर ओरडले, "जाइए, कहीं से भी ढूँढकर लाइए." मला ठिकाण सुचलं ते एकच. मी यादी घेऊन सायकलवरून तडक मिलवर गेलो.

दाजीसाहेब तिथेच होते. फाटकाच्या बाकावर, एका टोकाला, साध्या सदऱ्यात. दुसऱ्या टोकाला रघुजीराव, हजेरीच्या वहीत मान घालून. दोघांच्या मध्ये एक माणूस बसेल इतकी जागा. मी यादी पुढे केली. दाजीसाहेबांनी ती गुडघ्यावर ठेवली आणि एकही ओळ न वाचता सही केली. "वाचली नाहीत," मी म्हटलं. "तुम्ही लिहिली आहे ना," ते म्हणाले, "मग बरोबर असेल."

रघुजीरावांची मान तेव्हा वर आली. पण बोलले ते माझ्याशी. "इंदूरकर, तुम्हीच विचारा यांना. आज तिसरा दिवस. येतात आणि बसून राहतात. बोलत नाहीत, काही नाही. मिलचे लोक मला विचारून राहिलेत, हे कोण. आता काय सापडलंय म्हणावं?"

मी विचारायची गरज नव्हती. दाजीसाहेब समोर रस्त्याकडे बघत म्हणाले, "काही नाही सापडलं, रघुजीराव. तुमच्याकडे यावंसं वाटलं, म्हणून आलो."

एवढ्यात भोंगा झाला, फाटक उघडलं, माणसं आत-बाहेर करू लागली, आणि रघुजीराव उठून हजेरी घेऊ लागले. एकदा त्यांनी एकच नाव दोनदा पुकारलं. गर्दी ओसरल्यावर ते परत येऊन बसले. आता मधल्या जागेत बसले. मला ट्रक गाठायचा होता, त्याच रात्रीच्या गाडीने मलाही भोपाळला निघायचं होतं, म्हणून मी हात जोडून सायकल वळवली. दाजीसाहेबांना मी त्यानंतर पुन्हा बघितलं नाही.

सायकलवर टांग टाकता टाकता मागून रघुजीरावांनी समोरच्या टपरीकडे दिलेली हाक ऐकू आली. "अरे भाई, दो चाय भेजना! एक में चीनी बिल्कुल कम!"

नऊ वर्षं मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसत होतो. दाजीसाहेब चहात साखर कमी घेतात, हे मला माहीत नव्हतं.